उपकारस्तुती कोणाच्या खर्चाने?

उपकारस्तुती हा शब्द आपल्या समाजात फार स्वस्त झाला आहे. मुलगा दहावीला बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झाला, उपकारस्तुतीचा मिस्सा. नवी चारचाकी दाराशी आली, तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून उपकारस्तुती. रांजणगावच्या कारखान्यात नोकरी कायम झाली, कुरकुंभला बढती मिळाली, पुण्यात सदनिका घेतली, की मिस्साच्या सूचनांत कुटुंबाचे नाव वाचले जाते आणि मिस्सानंतर पेढ्यांचा पुडा फिरतो. यात काही वाईट आहे असे नव्हे. देवाचे आभार न मानण्यापेक्षा मानलेले केव्हाही बरे. परंतु वर्षभराच्या या यादीवरून एकवार नजर फिरवावी आणि स्वतःला विचारावे : आपण देवाचे आभार मानतो आहोत, की देवाला साक्षीला ठेवून स्वतःच्या भरभराटीची दवंडी पिटतो आहोत?

शब्द कठोर आहेत, पण ते आमचे नव्हेत. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात उभा राहिलेला तो परुशी आठवावा. त्याच्या प्रार्थनेचा आरंभच आभाराने होतो. त्याने देवाकडे काही मागितले नाही, कुरकुर केली नाही. आजच्या हिशेबाने पाहिले तर तो उपकारस्तुतीचा आदर्श नमुना ठरावा. तरीही प्रभू म्हणतो की नीतिमान ठरून घरी गेला तो दुसराच, छाती बडवून घेणारा जकातदार. कारण परुश्याच्या आभारात देव केवळ श्रोता होता; विषय तो स्वतःच होता. गेल्या काही वर्षांत प्रार्थनासभांतून ज्या ‘साक्षी’ ऐकू येतात, त्यांतील कित्येक याच जातीच्या असतात. देवाने मला घर दिले, गाडी दिली, शत्रूंना खाली पाहायला लावले! आणि शेजारच्या ज्या बाईला घर मिळाले नाही, जिची प्रार्थना तितकीच कळकळीची होती, ती मागच्या रांगेत बसून हे ऐकत असते. तिने काय समजावे?

दहा कुष्ठरोग्यांची कथा तर आपण इतक्यांदा ऐकली आहे की तिची धारच बोथट झाली आहे. नऊजण कृतघ्न, एक कृतज्ञ, एवढेच आपण लक्षात ठेवतो. परंतु त्या नऊजणांनी काय वावगे केले होते? प्रभूने सांगितल्याप्रमाणे ते याजकांकडे गेले. नियमशास्त्राने ठरवून दिलेला विधी त्यांनी पाळला. धर्मदृष्ट्या त्यांच्या वर्तनात बोट ठेवायला जागा नाही. परत फिरला तो एकटा शोमरोनी, परका. म्हणजे विधी पार पाडूनही उपकारस्तुती राहून जाऊ शकते. ही गोष्ट नियमित मिस्साला येणाऱ्या, वर्गणी वेळेवर भरणाऱ्या, नोव्हेनाचा एकही बुधवार न चुकवणाऱ्या आपल्यासारख्यांना उद्देशून आहे, चर्चकडे न फिरकणाऱ्यांना उद्देशून नव्हे.

नवसाचेही तेच. दरवर्षी सप्टेंबरात शिरूर-दौंडकडील शेकडो कुटुंबे हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जातात. काही सुशिक्षितांना या श्रद्धेची लाज वाटते. आम्हांला वाटत नाही. ज्या आईने मूल दगावेल या भीतीने रात्र काढली आहे, तिच्या मेणबत्तीला हसणाऱ्याने आपली विद्वत्ता आपल्याजवळ ठेवावी. परंतु नवस म्हणजे करार, आणि तो फिटला की देणे संपले, ही समजूत मात्र ख्रिस्ती नव्हे. हन्नाने नवस केला होता. तिने काय फेडले? जे मूल मिळाले, तेच तिने परमेश्वराच्या सेवेस दिले. आपण मात्र मिळालेले सगळे ठेवून घेतो आणि देवाला चार मेणबत्त्या देऊन पावती मागतो.

येथवर बहुतेक वाचक मान डोलावतील. प्रवचनात हे त्यांनी ऐकलेले आहे. आता ज्यावर मतभेद होईल ते सांगू.

उपकारस्तुतीचा दुसरा एक गैरवापर आपल्यात चालतो, आणि तो पहिल्याहून घातक आहे. गरिबाने तोंड उघडले की त्याला कृतज्ञतेचा उपदेश करायचा. कंत्राटी कामगाराने कायम नोकरीची मागणी केली, तर ‘देवाने दिले त्यात समाधान मान’. घरकाम करणाऱ्या बाईने पगार वाढवून मागितला, तर ‘आम्ही तुझ्यासाठी एवढे केले, आणि तुला त्याची जाणीव नाही’. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले. पुढे १९५६ साली शिखांसाठी आणि १९९० साली बौद्धांसाठी दार उघडले, ख्रिस्ती दलित उंबऱ्याबाहेरच राहिले. याविषयी कोणी दहा ऑगस्टला काळी फीत लावली तर आपल्यातलेच काही शहाणे म्हणतात, ‘श्रद्धेचे दान मिळाले, आणखी काय हवे?’ हे म्हणणारे बहुधा स्वतः सुस्थित असतात. ज्याने मार सोसला त्याने आभार मानावेत आणि ज्याने पाहिले त्याने गप्प राहावे, अशी ही सोयीची वाटणी आहे.

संत पौलाचा आधार येथे हटकून दिला जातो. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात त्याने सर्व स्थितीत आभार मानण्यास सांगितले आहे. अगदी खरे. पण स्थितीत आभार मानणे निराळे आणि त्या स्थितीबद्दल आभार मानणे निराळे. कोणी इफिसकरांच्या पत्राकडे बोट दाखवील. तेथे सर्व गोष्टींबद्दल असेच शब्द आहेत. त्याने तोच अध्याय थोडा वर सरकून वाचावा. अंधाराच्या निष्फळ कामांत भागीदार होऊ नका, उलट ती उघडकीस आणा, असे तेथे पौल बजावतो. आणि प्रभूने स्वतः केव्हा आभार मानले? ज्या रात्री तो धरून दिला गेला त्याच रात्री, हाती भाकर घेऊन. त्या आभारावरूनच आपल्या मिस्साला युखारिस्त हे नाव पडले; त्या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. पण प्रभूने विश्वासघाताबद्दल आभार मानले नाहीत. त्याने भाकरीबद्दल आभार मानले आणि ती मोडून वाटली. करिंथच्या मंडळीत एकजण उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र, असा प्रकार घडू लागला, तेव्हा पौलाने त्यांना स्पष्ट सुनावले की तुम्ही जे खाता ते प्रभूभोजन नव्हेच. शेजारी उपाशी असताना उपकारस्तुती अपुरी राहते असे तो म्हणत नाही. ती होतच नाही, असे म्हणतो.

मग खरी उपकारस्तुती कशी असते? जुन्या करारात अनुवाद ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात तिचा विधी तपशिलाने दिला आहे. शेतकऱ्याने पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकाकडे जावे. टोपली ठेवून काय बोलावे? ‘पीक छान आले’ असे नव्हे. आपला पूर्वज एक भटका अरामी होता, मिसर देशात आपण गुलाम होतो, आपल्याला छळले गेले, आपण हाक मारली आणि परमेश्वराने ऐकली, हा आपल्या दैन्याचा इतिहास त्याने मोठ्याने सांगावा. आणि त्यानंतर आपल्या घरच्यांसह, लेव्यासह आणि आपल्यात राहणाऱ्या उपऱ्यासह आनंद करावा. पहिले पीक, उघड आठवण आणि परक्याचे पान, या तिन्हींवाचून विधी पुरा होत नाही.

पहिल्या पिकाची जाण आपल्या या मातीला नवी नाही. शिरूर घोडनदीला इंग्रजांची तैनाती फौज होती, त्या काळातला कर्नल वॉलेस नावाचा अधिकारी १८०९ साली वारला आणि तेथेच पुरला गेला. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की आसपासच्या गावांतले लोक त्याला सत्पुरुष मानत आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा पहिला नैवेद्य त्याच्या थडग्यावर आणत. परक्या देशाचा, परक्या धर्माचा माणूस; पण त्याच्या चांगुलपणाची आठवण पाऊणशे वर्षांनीही शेतकऱ्याच्या खळ्यात जिवंत होती. त्यांची पूजा देवशास्त्राच्या कसोटीला उतरणार नाही, हे मान्य. परंतु अर्पणविधीच्या मिरवणुकीत बाजारातून आणलेली, अजून चिकटपट्टी न निघालेली सफरचंदे वेदीकडे नेणाऱ्या आपण त्यांना नावे ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

आठवणीच्या बाबतीत तर आपण फारच मागे आहोत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंदळ, वळण, संगमनेरकडे आपल्या कित्येक घराण्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती गावकुसाबाहेर राहत होती, भूमिहीन होती, आणि दुष्काळाने पिळून निघालेली होती. १९७२च्या दुष्काळात आपल्याच आयाबापांनी रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडली आणि लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. हे आज मुलांना सांगायला आपल्याला लाज वाटते. ‘गव्हासाठी बाटले’ हा टोमणा आपल्या मनात इतका रुतला आहे की गव्हाची आठवणच आपण पुसून टाकली. इस्राएलाने मात्र आपली गुलामी उपासनेत गोवली, वर्षानुवर्षे याजकापुढे म्हणून दाखवली. ज्याला आपण कोठून आलो हे सांगायचे नाही, त्याने आभार कशाबद्दल मानायचे? त्याच्या मते सगळे त्याच्याच कर्तृत्वाने आले.

ही आठवण जिवंत ठेवली म्हणजे काय घडते, हे पाहायला दूर जाण्याचे कारण नाही. दौंड तालुक्यातच केडगाव आहे. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला आणि पुढे तेथील धर्मवडिलांशीही त्यांचे वाद झाले. म्हणून आपल्या पत्रांतून त्यांच्याविषयी फारसे येत नाही. हा कोतेपणा आता सोडावा. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात थोड्याथोड्या अंतराने गेली. वेदशास्त्रसंपन्न घराणे, पण भीक मागता येईना आणि मजुरीचे काम शिकलेले नाही. झाडपाल्यावर दिवस काढून ती माणसे संपली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास मैलोगणती पायपीट करत अखेर १८७८ साली कलकत्त्याला पोचली. पुढे रमाबाईंना कीर्ती मिळाली, सरस्वती ही पदवी मिळाली, अमेरिकेत मदतमंडळ उभे राहिले, मुंबईत आणि मग पुण्यात शारदा सदन चालू झाले. एवढ्यावर त्या आयुष्यभर उपकारस्तुती करीत सुखाने राहू शकल्या असत्या.

१८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या. तेथील उपाशी मुलींत त्यांना स्वतःची गतावस्था दिसली, आणि हे त्यांनी १८९७ साली लिहिलेल्या आपल्या दुष्काळाच्या हकीकतीत लपवले नाही. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग होता, निर्बंध होते, शहरात या मुलींना ठेवता येईना. केडगावची जमीन त्यांनी फळबागेसाठी घेतली होती. अमेरिकेतील मंडळाची दहा वर्षांच्या मदतीची मुदत संपत आली होती आणि बागेच्या उत्पन्नावर सदन चालवावे हा बेत होता. त्या माळावर राहुट्या, झोपड्या उभ्या राहिल्या. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, छापखाना चालवला. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवले. ज्या बायकांना कोणी अक्षर शिकवले नव्हते त्यांनी खिळे जुळवून बायबल छापले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली पूर्ण बाहेर आले. आपली मुलगी १९२१ साली गमावल्यावर, आणि स्वतः १९२२ साली जाईपर्यंत, त्या मुद्रिते तपासत होत्या.

दुष्काळाने आईवडील नेले याबद्दल रमाबाईंनी देवाचे आभार मानले नसतील. पण वाचले याबद्दल मानले, आणि ते आभार दुष्काळातल्याच मुलींच्या पानावर वाढले. देवाचे ऋण देवाला फेडता येत नाही, कारण त्याला आपल्याकडून काही मिळवायचे नाही. आपल्या स्तुतीने त्याच्या थोरवीत भर पडत नाही, असे मिस्सातील एका प्रार्थनेतच आपण कबूल करतो. मग ते ऋण जाते कोठे? ते शेजाऱ्याच्या खात्यात वळते होते.

आता आपल्या खात्याकडे पाहू. शिरूर आणि दौंड हे मुळात अवर्षणाचे तालुके. आज तेथे उभा ऊस दिसतो, इतका की बिबट्यांनी त्यात घर केले. हे पाणी आले कोठून? दौंडला ते खडकवासल्याच्या कालव्याने येते. त्या कालव्यामागे पानशेत आहे, वरसगाव आहे. तेथील गावे पाण्याखाली गेली आणि त्यांतील कित्येक कुटुंबांना याच दौंड तालुक्यात आणून वसवले गेले. दौंडमध्ये ज्या रेल्वेने आपल्या ड्रायव्हर-गार्ड कुटुंबांना तीन-चार पिढ्या अन्न दिले, तिचा दौंड-मनमाड रस्ता १८७८ साली खुला झाला; त्याचे मातीकाम १८७६-७७च्या दुष्काळातील उपाशी मजुरांनी केले. पावसाबद्दल, पाण्याबद्दल, नोकरीबद्दल आपण जेव्हा देवाचे आभार मानतो, तेव्हा या माणसांची नावे नसली तरी त्यांची याद प्रार्थनेत यायला नको काय? दावीद राजाने अरवनाचे खळे फुकट घेण्यास नकार दिला. ज्यासाठी मला काही मोजावे लागले नाही ते मी परमेश्वराला अर्पणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. आपली बरीचशी अर्पणे दुसऱ्याने किंमत मोजलेली आहेत.

आणि ऊस. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या आवारात किंवा उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी, पहाटे अंधारात तोड, दिवसभर मोळ्या, रात्री गाडी भरणे. एक दिवस चुकला तर खाडा. खाडा पडू नये म्हणून बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांनी गर्भाशये काढून घेतल्याचे प्रकार बाहेर आले आणि २०१९ साली शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. हे ज्या उसाच्या तोडीत घडते, तोच ऊस आपल्या पेढ्यांतील साखरेत असतो. उपकारस्तुतीच्या पेढ्यांतही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते असे म्हटले आहे. आपली स्तुती आणि तिची ओरड, दोन्ही एकाच कानावर पडतात.

‘आम्ही काय करणार? आमचा कारखाना नाही, आम्ही मुकादम नाही,’ असे कोणी म्हणेल. हे खरे आहे, आणि ज्यांची स्वतःची एकरभरही जमीन नाही त्यांच्यावर हा बोजा टाकण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण आपल्यातही आता ऊस लावणारे आहेत, गुऱ्हाळावर माल घालणारे आहेत, कंत्राटे घेणारे आहेत, घरी मोलकरीण ठेवणारे तर पुष्कळच. दुसरे कोणी म्हणेल की हा समाजकार्याचा विषय झाला, भक्तीचा नव्हे. त्यांनी पोप फ्रान्सिस यांचे २०१५ सालचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक उघडावे. तेथे जेवणापूर्वी आणि जेवणानंतर देवाचे आभार मानण्याची जुनी रीत पुन्हा चालू करण्यास त्यांनी सांगितले आहे आणि त्याच ठिकाणी ज्यांच्या श्रमाने अन्न मिळते त्यांची, आणि ज्यांना ते मिळत नाही त्यांचीही आठवण ठेवण्यास सांगितले आहे. ताटावर हात जोडण्याची ती रीत आपल्या आजीला ठाऊक होती. आपल्या घरांतून ती दूरदर्शन संचाने हुसकावली आणि आता मोबाईल तिला परत येऊ देत नाही.

एक अगदी साधी सूचना करतो. कापणीचा सण आपल्या अनेक धर्मग्रामांत होतो. त्यात भोपळे, कणसे, गुळाच्या ढेपी यांचा लिलाव होतो आणि पैसे चर्चच्या रंगरंगोटीला लागतात. यंदाचा लिलाव गाळप हंगाम चालू असताना, टोळ्या गावात असताना घ्यावा. त्या दिवशी याजकापुढे टोपली ठेवताना गावातल्या वृद्धाने, ज्याने मिलोची भाकरी खाल्ली आहे अशाने, ते दिवस मुलांसमोर सांगावेत. लिलावाचे पैसे कोप्यांतल्या मुलांच्या हंगामी शाळेला, बायकांच्या दवाखान्याला द्यावेत. जेवणाची पंगत असेल तर तिला त्यांना बोलवावे; आणि बोलवायला धर्मगुरूंना न धाडता स्वतः फडावर जावे. चर्चची भिंत आणखी एक वर्ष बिनरंगाची राहील. टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परत निघतात, तेव्हा ठरवायला हाती फार दिवस नाहीत.